डिकीत ऑईल सांडलं तर: जुन्या गाडीचं कार्पेट साफ करण्याची पद्धत

प्रीमियर पद्मिनी असो की अ‍ॅम्बॅसेडर, जुनी गाडी सांभाळणाऱ्याच्या डिकीत ऑईलचा एक डबा असतोच. ही इंजिनं थोडं ऑईल खातात, थोडं गाळतात, त्यामुळे लांबच्या प्रवासात लेव्हल बघून वरून भर घालावी लागते. आणि सील फोडलेल्या डब्याचं झाकण पहिल्यासारखं घट्ट बसत नाही. खंबाटकीची दोन वळणं घेतली की डबा आडवा होतो. मुक्कामी पोचून डिकी उघडली, की स्टेपनीच्या खालपर्यंत कार्पेट काळपट ओलं झालेलं दिसतं.

अशा वेळी हात आपोआप पाण्याच्या पाइपकडे जातो. तेवढं करू नका. ऑईल कार्पेट खराब करतं, पण खालच्या पत्र्याला त्याने गंज चढत नाही, झाला तर थोडा बचावच होतो. पाणी मात्र कार्पेटखालच्या नमद्यात, म्हणजे दाबून केलेल्या जाड मऊ थरात, मुरून बसतं. वरून सगळं कोरडं दिसतं आणि खाली पत्रा सडत राहतो. पद्मिनी बनणं २००० च्या सुमारास थांबलं, अ‍ॅम्बॅसेडर २०१४ मध्ये. डिकीचा सडलेला तळ बदलायचा म्हणजे पत्रा कापणं, वेल्डिंग, रंग असं महिनाभराचं काम निघतं. कार्पेट मात्र चांगला कुशनवाला दोन दिवसांत नवं शिवून देतो. म्हणून काय वाचवायचं याचा क्रम आधी ठरवून घ्या: पहिला पत्रा, मग त्याचा रंग, मग कार्पेट. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने आहेत.

सांडलंय काय, ते आधी ओळखा

डिकीत सांडणारं सगळंच इंजिन ऑईल नसतं. पुढचा उपाय यावर ठरतो, म्हणून बोटाला लावून बघा, वास घ्या.

नवं इंजिन ऑईल मधाच्या रंगाचं असतं आणि त्याला फारसा वास नसतो. जुन्या गाड्यांत बहुतेक २०-डब्ल्यू-५० वापरतात. ते दाट असल्यामुळे सावकाश पसरतं, म्हणजे तुमच्या हातात थोडा वेळ असतो. वापरलेलं काळं ऑईल वाईट, कारण त्यात काजळी असते. तेल निघालं तरी काजळी धाग्याला चिकटून राहते. नव्वद नंबरचं गिअर ऑईल वासावरूनच कळतं. त्यातल्या गंधकामुळे तो उग्र, कुबट वास येतो आणि डाग गेल्यावरही बरेच दिवस रेंगाळतो.

ब्रेक ऑईलला आपण ऑईल म्हणतो, पण त्याचा कारभार वेगळा आहे. डॉट ३ किंवा डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑईल पाण्यात विरघळतं आणि गाडीचा रंग उचलतं. शंका असेल तर ग्लासभर पाण्यात एक थेंब टाका. तरंगत राहिला तर इंजिन किंवा गिअर ऑईल, पाण्यात मिसळून गेला तर ब्रेक ऑईल. तसं असेल तर पावडरचा आणि रात्रभर थांबण्याचा पुढचा भाग तुमच्यासाठी नाही. कार्पेट ताबडतोब उचला, खालचा पत्रा ओल्या फडक्याने चार-पाच वेळा, दर वेळी फडकं धुऊन पुसा आणि लगेच कोरडा करा. कार्पेट बाहेर नेऊन साध्या पाण्याने धुवा. पाणी वापरण्याची घाई फक्त इथे करायची.

आणि खायचं तेल. गावाकडून येताना घाण्यावरचा शेंगदाण्याच्या तेलाचा डबा किंवा लोणच्याची बरणी डिकीतच ठेवली जाते, त्यामुळे असे डाग वाटतात त्याहून जास्त दिसतात. खनिज तेल वर्षभर होतं तसंच राहतं, पण खायचं तेल हवेने चिकट होत जातं आणि त्याला खवट वास सुटतो. मुंग्या येतात त्या वेगळ्याच. म्हणून खाद्यतेलाचा डाग पुढच्या रविवारवर ढकलू नये. लोणच्याच्या डागात हळद असते. तेल काढल्यावर उरलेला पिवळेपणा उन्हात बराच फिका होतो, त्यासाठी ब्लीच लागत नाही. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, त्यामुळे थंडीत सांडलं असेल तर आधी चमच्याच्या पाठीने खरवडून घ्या. निम्मं काम तिथेच होतं.

पहिली दहा मिनिटं

डबा उभा करा आणि डिकी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पाने, सगळं बाहेर. मग जुनी सुती बनियन किंवा धोतराचा तुकडा डागावर ठेवून तळहाताने दाबा, उचला, कोरडा भाग पुढे घ्या, पुन्हा दाबा. घासायचं नाही. घासल्याने तेल धाग्यांच्या मुळाशी जातं आणि डागाचा घेर वाढतो. टिपताना कडेकडून मध्याकडे या. वर्तमानपत्र तेल छान पितं, पण फिक्या कार्पेटवर त्याची शाई उतरते. काळ्या किंवा गडद कार्पेटला चालेल.

रस्त्यात असाल आणि जवळ काहीच नसेल, तर कोरडी माती किंवा वाळू टाकूनही तेल अडवता येतं. कोकणात असाल तर तांबडी माती मात्र नको, तिचा डाग तेलाच्या डागाहून चिवट निघतो.

टिपून आणखी काही येत नाही असं झालं, की उरलेल्या ओलीवर पावडर पसरा. माझी पसंती मुलतानी मातीला आहे. लोकरीतला तेलकटपणा काढायला ती शेकडो वर्षं वापरली गेली आहे. काष्ठौषधींच्या दुकानात सुटी मिळते आणि स्वस्त असते. ती कोरडीच वापरायची, चेहऱ्याला लावतात तशी कालवून नव्हे. कार्पेट पांढरट किंवा क्रीम रंगाचं असेल तर तिची पिवळसर झाक राहू शकते, तिथे कॉर्नफ्लोर किंवा साधी टाल्कम पावडर घ्या. मांजरांसाठी मिळणारी कॅट लिटर चुरून टाकली तर उत्तम, पण त्यासाठी घरात मांजर हवं. सुताराकडचा लाकडाचा भुसाही चालतो. रांगोळी टाकू नका, ती दगडाची भुकटी असते, तेल पीत नाही. चुलीतली राखही नको. ती क्षारयुक्त असते, लोकरीला मानवत नाही आणि काळं करते ते वेगळं.

पावडरचा थर बोटाच्या पेराएवढा जाड असू द्या आणि हलक्या हाताने दाबा. आता कार्पेट काढायची तयारी करा.

कार्पेट बाहेर काढणं

नवखे लोक ही पायरी टाळतात आणि सगळं काम तिथेच बिघडतं. कार्पेट डिकीत ठेवूनच साफ केलं तर वरचा डाग जातो, खालचा नमदा तेल धरून बसतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात डाग पुन्हा वर येतो.

आधी मोबाइलवर फोटो काढा: चारही कोपरे, प्रत्येक स्क्रू, वायर कुठून जाते ते. कार्पेट स्क्रू आणि वाटीसारख्या वॉशरने बसवलेलं असेल तर ते सगळं एका डबीत ठेवा. जुने वॉशर तंतोतंत तसे मिळत नाहीत. बटणं असतील तर बटणाला धरून उघडा, कार्पेट ओढू नका. चिकटवलेलं असेल तर कोपऱ्यातून पातळ पट्टी सरकवत सावकाश सोडवा. हेअर ड्रायरने जुनं सोल्युशन मऊ होतं, पण त्या आधी डिकीत पेट्रोलचा वास येत नाही ना, याची खात्री करून घ्या. या दोन्ही गाड्यांची पेट्रोलची टाकी मागेच असते. टाकीकडे जाणाऱ्या आणि टेललाइटच्या वायरी जपा, त्यांचं जुनं आवरण हात लागला तरी तडकतं.

कार्पेट उचललं की खाली बहुतेक वेळा नमदा सापडतो. तो तेलाने भिजला असेल तर धुण्याच्या फंदात पडू नका, टाकून द्या. नमदा स्वस्त असतो आणि नवा कापून घालणं तासाभराचं काम आहे. मात्र त्याचा आकार आधी वर्तमानपत्रावर आखून ठेवा.

नमद्याखाली काही गाड्यांत काळी डांबराची शीट असते, आवाज कमी करण्यासाठी पत्र्यावर चिकटवलेली. तिच्यावर रॉकेल, टर्पेंटाइन, थिनर यातलं काहीही लावू नका. डांबर विरघळतं आणि मग जो काळा रस पसरतो, तो मूळ ऑईलपेक्षा दसपट त्रास देतो. शीटवरचं तेल कोरड्या फडक्याने टिपा, मग साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. एवढ्यावर थांबा.

उघड्या, रंगवलेल्या पत्र्यावर तेल असेल तर फडक्याला थोडं टर्पेंटाइन लावून पुसता येतं, नंतर साबणाचं फडकं, नंतर कोरडं. थिनर नको, तो रंगच काढतो. डिकीच्या तळाला रबरी बुचं असतात, ती काढून बघा. खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. फुगलेलं बूच पुन्हा नीट बसत नाही आणि पावसाळ्यात चाकाकडून उडालेलं पाणी तिथून आत येतं. नवी बुचं लावा. डिकीच्या कडेच्या बीडिंगला तेल लागलं असेल तर तेही साबणाने पुसून घ्या.

आता इथे आलाच आहात, तर टॉर्च लावून कोपऱ्यांत गंज आहे का ते पाहा. ऑईल सांडल्याच्या निमित्ताने जुना गंज वेळेत सापडला, असं बऱ्याच गाड्यांचं होतं.

धागा कोणता आहे?

कंपनीतून आलेलं मूळ अस्तर आणि नंतर कुणी शिवून घातलेलं कार्पेट, दोन्ही तऱ्हेच्या गाड्या असतात. रंगावरून धागा कळत नाही. कडेचा एक, तेल न लागलेला धागा उपटा, गाडीपासून आणि तेलापासून लांब जा, चिमट्यात धरून काडी लावा. केस जळल्यासारखा वास येऊन चुरा होणारी राख पडली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीन. मग कार्पेट उलटून पाठ बघा: तागाची विणलेली पाठ आहे की रबराचा थर?

लोकरीला गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि जोरात चोळणं, तिन्ही वर्ज्य. ती आटते आणि घट्ट होते. तागाची पाठ फार भिजली तर तिचा तपकिरी रंग वर चढतो. रबराच्या पाठीला टर्पेंटाइनसारखी द्रावणं मऊ करून सोलवटून टाकतात. नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन त्या मानाने सोशिक, पण इस्त्री लावायची नाही. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं.

मुख्य सफाई

पावडर रात्रभर राहू द्या. सकाळी झटका, मऊ ब्रशने काढा, नवी पावडर घाला. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढायची असेल तर आधी झटकून मोठा भाग काढा, कारण मुलतानी मातीची पूड फिल्टर बंद करते. आणि टर्पेंटाइन लावलेल्या ओल्या कार्पेटवर व्हॅक्यूम कधीच नको, मोटारीच्या ठिणगीने वाफ पेटू शकते. पावडरचा रंग बदलायचा थांबला, म्हणजे ती तेल ओढायची थांबली. दोनदा, तीनदा, काळ्या ऑईलला चारदाही करावं लागतं. या कोरड्या फेऱ्यांना कंटाळू नका. पुढे जेवढं कमी पाणी लागेल तेवढं चांगलं.

थोडा डाग असेल तर इथून थेट साबणाकडे जा. गिअर ऑईल किंवा जुना मुरलेला डाग असेल तर मध्ये टर्पेंटाइनची एक पायरी लागते. हार्डवेअरच्या दुकानात रंगाच्या डब्यांशेजारी मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे एमटीओ, मिळतं. रॉकेलनेही तेल निघतं, पण त्याचा वास आणि तेलकटपणा मागे राहतो. पेट्रोलने पुसण्याचा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळेल, तो ऐकून घ्या आणि सोडून द्या. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते. एमटीओ त्या मानाने सौम्य असलं तरी साधारण ३५-४० अंशांपुढे तेही धोक्याचं. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या मे महिन्यात दुपारचं तापमान सहज तेवढं असतं. म्हणून हे काम सकाळी, सावलीत, उघड्यावर करा. जवळ बिडी-सिगारेट नाही, उदबत्ती-निरांजनही नाही. हातमोजे घाला.

कार्पेटच्या लपणाऱ्या कोपऱ्यावर आधी थेंबभर लावून रंग सुटत नाही ना ते पाहा. पाठ तागाची असेल तर कार्पेट पालथं, म्हणजे धाग्याची बाजू खाली, जाड सुती कपड्यावर ठेवा आणि पाठीकडून टर्पेंटाइनच्या फडक्याने टिपा. तेल खाली कपड्यात उतरतं. कपडा सरकवत राहा, नाहीतर उतरलेलं तेल परत वर शोषलं जातं. रबरी पाठ असेल तर वरच्या बाजूनेच, जेमतेम ओलसर फडक्याने टिपा, रबरापर्यंत पोचू देऊ नका. काम झालं की वास पुरता जाईपर्यंत कार्पेट वाऱ्यावर ठेवा.

मग साबण. लोकरीसाठी ईझीसारखं लोकरीचं द्रव डिटर्जंट किंवा रिठ्याचं पाणी. पैठणी आणि शालींना चालतो तो रिठा लोकरीच्या कार्पेटलाही चालतो. फक्त फिक्या रंगावर कोपऱ्यात आधी तपासा, रिठ्याच्या पाण्याला तपकिरी झाक असते. नायलॉनसाठी भांडी घासायचं लिक्विड, लिटरभर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा. पाणी हलवून फेस काढा आणि फक्त फेसच स्पंजने उचलून डागावर लावा. मऊ ब्रशने धाग्याच्या दिशेने फिरवा, कोरड्या फडक्याने टिपा, पुन्हा फेस. साबण मागे राहिला तर तो धूळ धरतो आणि महिन्याभरात डागाच्या जागी नवा काळा ठसा उमटतो. म्हणून शेवटी साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने तीन-चार वेळा पुसा. लोकर किंवा ताग असेल तर या शेवटच्या पाण्यात लिटरमागे दोन चमचे पांढरं व्हिनेगर घाला. साबणाचा क्षार मारला जातो आणि ताग तपकिरी पडायची शक्यता कमी होते.

वापरलेल्या काळ्या ऑईलची थोडी राखाडी छाया यानंतरही राहील. ती स्टेपनीखाली जाणार असेल तर सोडून द्या. शेवटच्या छटेच्या मागे लागून धागे झिजवण्यात अर्थ नाही.

वाळवणं

दोरीवर टाकू नका. ओल्या कार्पेटच्या वजनाने ताग ताणला जातो आणि मग ते डिकीत मापात बसत नाही. सपाट पृष्ठभागावर, खाली हवा खेळेल असं, दोन विटांवर फळ्या टाकून ठेवा. सावली आणि पंखा. रबरी पाठ कडक उन्हात तडकते. वरून हाताला कोरडं लागलं म्हणजे वाळलं असं नाही, आणखी एक पूर्ण दिवस द्या.

मुंबई-कोकणातल्या जुलैत हे जमणार नाही हे मान्य करा. त्या दिवसांत फक्त पावडरच्या फेऱ्या करा, कार्पेट घरात ठेवा, डिकी कार्पेटविनाच वापरा आणि धुण्याचं काम पाऊस सरल्यावर. तेलकट कार्पेट दोन महिने थांबू शकतं, ओलं कार्पेट डिकीत घालणं परवडत नाही.

बसवण्याआधी एक चाचणी करा. डागाच्या जागी पांढरा टिश्यू ठेवा, वर वीट किंवा जाड पुस्तक, आणि रात्रभर सोडा. सकाळी टिश्यूवर पारदर्शक ठिपका उमटला तर आत अजून तेल आहे. पुन्हा पावडरपासून सुरुवात.

वास, आणि हात टेकण्याची वेळ

गिअर ऑईलच्या वासावर खाण्याचा सोडा पसरून दोन दिवस ठेवणं हा सगळ्यात सोपा उपाय. कार्पेट बसवल्यावर डिकीत लाकडी कोळशाची उघडी पिशवी ठेवली तर राहिलेला वास हळूहळू ओढला जातो. गाडीतला परफ्यूम त्यावर मारू नका. गंधक आणि गुलाब एकत्र आले की मागच्या सीटवर कुणी बसत नाही.

रबरी पाठ विरघळून सुटली असेल, धागे उपटून येत असतील किंवा खाद्यतेल कित्येक महिने मुरून चिकट झालं असेल, तर नवं कार्पेट करा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला किंवा ऑपेरा हाऊसच्या स्पेअर्सच्या बाजारात विचारलं की कुशनवाल्याचा पत्ता मिळतो. जुनं कार्पेट मात्र फेकू नका, कितीही मळलेलं असो. चाकांच्या कमानीभोवतीचे काप, स्क्रूची भोकं, कडेची गोट, हे सगळं माप त्यातच आहे. कुशनवाल्याकडे ते नेलं तर नवं पहिल्या फटक्यात बसतं. मूळ कंपनीचं अस्तर असेल तर डाग असूनही ते गुंडाळून माळ्यावर ठेवा. पुढे गाडी विकताना जाणकार गिऱ्हाईक त्याची चौकशी करतो.

तेलकट फडकी आणि पावडर पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्या. जमिनीवर किंवा गटारात काहीही ओतू नका. डब्यात साठलेलं ऑईल गॅरेजमध्ये नेऊन द्या, तिथे वापरलेल्या ऑईलचं पिंप असतं. जवसाचं तेल सांडलं असेल, लाकूडकाम करणाऱ्यांच्या गाडीत ते असतं, तर त्याची फडकी कधीही बोळा करून ठेवू नका. ती आपोआप तापून पेटतात. पाण्यात भिजवून किंवा उघड्यावर पसरून वाळवूनच टाका.

कार्पेट परत घालताना नमद्याखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा मोह होईल. तो टाळा, त्याखाली दव साठतं. ऑईलचा डबा झाकणाला प्लॅस्टिक पिशवीचा तुकडा लावून घट्ट बंद करा, खोल बादलीत उभा ठेवा आणि बादली स्टेपनीला पट्ट्याने बांधा.